लेपेका आत्याची गावमोजणी

लेपेका आत्याच्या बालवाडीत सकाळची प्रार्थना आटोपली की गाणी नाहीत, गोष्टी नाहीत, खाऊ तर नाहीच. आधी गाव मोजायचं. केतकीच्या पानांची मोठी चटई अंथरायची, मधोमध झाकणाची लाकडी पेटी ठेवायची आणि अकरा पोरांनी भोवती मांडी घालून बसायचं. ही पेटी आत्याच्या नवऱ्याची, गळ आणि दोऱ्या ठेवायची. होडी उलटली तरी तिच्यात पाण्याचा थेंब शिरायचा नाही. नवरा गेला, पेटी राहिली. आता तिच्यात शिंपले असतात. गावात जितकी माणसं तितके शिंपले, एक जास्त नाही की एक कमी नाही.

"काल रात्री गावात कोण कोण झोपलं?" आत्या विचारते, आणि पोरं चर्चच्या टोकापासून सुरुवात करतात ती पुलाच्या टोकाला जाऊन थांबतात. ज्याचं घर, किंवा ज्याच्या शेजारचं घर, त्यानं सांगायचं. "आजी, आजोबा, पाय मोडलेले काका, आई, मी, आणि दादा. पण दादाशी मी बोलत नाही." नाव घेतलं की शिंपला चटईवर. ज्याच्याशी बोलत नाही त्याचाही ठेवावाच लागतो, तिथे आत्या कुणाचं ऐकत नाही. कुणी बोटीनं सामोआला गेलं असेल तर त्याचा शिंपला तो परत येईपर्यंत बाजूच्या करवंटीत. पाहुणा आला तर त्याच्यासाठी नवा. आणि कुणी वारलं, तर सगळ्यांनी मिळून बेटाच्या कुशीत अडलेल्या आतल्या समुद्रापाशी जायचं, त्या माणसाचा शिंपला पाण्यात सोडायचा आणि त्या दिवशी दुसरं काहीही शिकायचं नाही.

तीन-चार वर्षांची ही पोरं. निम्म्यांना विसाच्या पुढचे आकडे येत नाहीत, काहींना स्वतःचं नाक पुसता येत नाही. पण पावणेचारशे माणसांचं अख्खं गाव त्यांच्या तोंडी. आकड्यांनी नव्हे, नावांनी. बोबड्या आवाजात एकामागून एक नावं येत राहतात, चटई शिंपल्यांनी भरत जाते, आणि शेवटचा शिंपला ठेवून झाला की पेटी रिकामी. पहिल्यांदा बघणारा थक्क होतो. विसाव्यांदा बघणाराही होतोच, फक्त तो ते कबूल करत नाही.

गावाला याचं काही विशेष वाटत नव्हतं. आत्याला हौस, एवढंच. गाव मोजायला गावात आधीपासून एक माणूस होता ना! फालानिको.

बाहेरच्या समुद्रावरून होड्या भरून आल्या, की ते मासे कुणाच्या घरी जात नाहीत. पहिल्यांदा सगळे वाटपाच्या जागेवर वाळूत मांडायचे. मग "इनाती!" अशी हाळी वाटेवाटेनं फिरते. इनाती म्हणजे वाटा. गावाचे गट ठरलेले, प्रत्येक गटात इतकी इतकी डोकी, आणि डोक्याला वाटा सारखा. ज्यानं मासा धरला त्याला जास्त नाही, जो खाटेवर पडून आहे त्याला कमी नाही. गावसभेच्या सगळ्यांत म्हाताऱ्या पुढाऱ्याला जेवढा, तेवढाच रांगत्या पोराला. फालानिको गटाचं नाव आणि डोकी पुकारतो, आणि त्या गटाचं एखादं पोर झावळीची टोपली घेऊन धावत सुटतं. हे धावणं पोरांचंच काम. मोठं माणूस टोपली घेऊन धावलं तर गाव वर्षभर हसेल.

बावीस वर्षं फालानिको हे वाटप करत होता, त्याच्या आधी त्याचा बाप. कागद नाही, पेन्सिल नाही. एकदा शाळेच्या गुरुजींनी त्याला चांगली जाडजूड वही आणून दिली होती, ती त्यानं चूल पेटवायला बायकोच्या हवाली केली. बावीस वर्षांत एकदाही चूक नाही. आपल्या डोक्यात गाव मावतं याचा त्याला अभिमान होता, आणि तो त्यानं कधी लपवलाही नाही.

मार्चमधल्या वादळानं बालवाडीचं छप्पर उडवून नेलं, आणि तिथून सगळं सुरू झालं.

बालवाडी गावसभेची. लेपेकाचा पगार गावसभा देते, छप्पर गावसभेचं, पोरांच्या दुपारच्या जेवणातला नारळही गावसभेच्या झाडावरचा. वादळानंतर जहाजानं पत्रे आले ते एकाच छपरापुरते. आणि छपरं उडाली होती दोन: एक बालवाडीचं, एक होड्यांच्या शेडचं. गावसभेतले सगळ्यांत वडील पेटेलो, वय ब्याऐंशी, तोंडात एक दात नाही पण शब्द मात्र पक्का. त्यांनी सरळ सांगून टाकलं की पत्रे होड्यांना द्या, बालवाडी पुढच्या वर्षाच्या आराखड्यातून काढा, लहान पोरं आज्यांकडे राहतील आणि लेपेकाला दुसरं काहीतरी काम बघू. ही बातमी लेपेकापर्यंत पोचायला अर्धा तासही लागला नाही. ती तेव्हा फणसाच्या जातभाईखाली, म्हणजे ब्रेडफ्रूटच्या झाडाखाली, पोरांना घेऊन बसली होती. तिनं मोजणी पुरी केली, मगच उठून बाजूला गेली आणि पदर नसल्यामुळे बाहीनं डोळे पुसले.

कारण ही बालवाडी तिच्यासाठी नोकरी नव्हतीच कधी.

लेपेका या बेटावर आली ती चार वर्षांची असताना, सामोआहून, बोटीतून, तिच्या स्वतःच्या आत्याच्या कडेवर. तिची आई तिकडे आपिया शहरातल्या इस्पितळात वारली होती. बोट लागली त्याच दुपारी कुपा माशांचा मोठा थवा सापडला होता आणि वाळूत मासे मांडले होते. आजीनं नातीला बघितलं, पोटाशी धरलं, आणि रडत रडतच एक एवढीशी टोपली विणून तिच्या हातात दिली. "जा, इतर पोरांबरोबर जा. आपलं नाव आलं की पळायचं." लेपेका जाऊन उभी राहिली. नावं आली, पोरं पळाली. आजीच्या घरातलं थोरलं पोर तिच्या डोळ्यांसमोर टोपली भरून घेऊन गेलं. लेपेका उभीच. तिला वाटलं, आपलं नाव वेगळं येणार असेल. वाळू रिकामी झाली, माणसं पांगली, एक कुत्रं येऊन वाळू चाटून गेलं. ती रिकामी टोपली घेऊन तिथेच.

कुणाची चूक म्हणावी? बोटीतून एक पोर उतरलंय हे वाटप करणाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आजीनं आपल्यातला मासा तिला भरवला, ती पोटभर जेवली. पुढच्या वाटपात तिचं डोकं मोजलंही गेलं. सांगण्यासारखं होतं तरी काय? तिनं कुणाला सांगितलं नाही. पण पहिल्या दिवशी आपण आजीचा मासा खाल्ला, आपला नव्हे, हे ती विसरली नाही.

पुढे लग्न झालं, नवऱ्याबरोबर न्यूझीलंडला गेली. तिथल्या पोरिरुआ शहरात एका पाळणाघरात नऊ वर्षं फरशा पुसल्या. तिथं भिंतीवर खुंट्या होत्या, प्रत्येक खुंटीवर एका पोराचं नाव. सकाळी एखादी खुंटी रिकामी दिसली की बाई लगेच फोन उचलायच्या, "आमचा अमका कुठाय?" लेपेका फडका हातात धरून बघत राहायची. एवढ्याशा पोराची रिकामी खुंटी कुणाला दिसते, कुणी विचारतं! नवरा आजारी पडला, दोघं परत आली, नवरा गेला. वर्षाच्या आत तिनं झाडाखाली सात पोरं गोळा केली. बायकांच्या मंडळानं चटया दिल्या. दोन वर्षं गावसभा नुसती बघत होती, मग तिनं घर दिलं, पगार दिला. त्याला सव्वीस वर्षं होत आली. आज गावात जे गडी होड्या हाकतात, छपरं घालतात, जहाजावरची पोती छातीवर उतरवून घेतात, त्यांतला तिशीच्या आतला जवळपास प्रत्येक जण तिच्या चटईवर शिंपले मांडून गेलेला आहे.

सोमवारी गावसभा बसली. लेपेकाला बोलावणं आलं. ती दाराशी बसली. विचारल्याशिवाय बोलायचं नाही हे तिला सांगावं लागत नव्हतं.

"लेपेका," पेटेलो म्हणाले, "पोरं सकाळपासून तिथं करतात तरी काय?"

"माणसं मोजतात, काका."

सभेत खसखस पिकली.

"आणि मग?"

"मग गातात, खेळतात, वाळूत घरं बांधतात, भांडतात, जेवतात, झोपतात. पण आधी माणसं मोजतात."

"अगं बाई!" फालानिको मागून ओरडला. "मग मी काय आता नारळ सोलत बसू? माझ्या कामावर टाच आणतेस की काय?"

आता सभा उघड हसली. पेटेलो हसले नाहीत. ते म्हणाले, "हे बघ, तुझ्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण माझ्या आईनं मला कधी मोजलं नाही. सकाळी अंगणात सोडायची, भूक लागली की मी घरी यायचो. पोरं वाढायला पत्रे लागत नाहीत, आजी लागते. होड्यांना मात्र पत्रे लागतात."

"आजी लागतेच, काका," लेपेका हळूच म्हणाली. "पण आजीला आपलंच नातवंड दिसतं. शेजारच्याचं राहून गेलं तर तिला कळत नाही."

पेटेलोंनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "पुढच्या सोमवारी ठरवू. तोवर पत्रे धक्क्यावर पडू देत."

म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. पेटेलो असं म्हणाले की निकाल ठरलेलाच असतो, फक्त समोरच्याला सवय व्हायला आठवडा दिलेला असतो. लेपेका घरी जाताना एकच विचार करत होती. पेटीचं काय करायचं? इतके शिंपले एकटीनं रोज मांडायचे कुणासमोर?

गुरुवारी सकाळी चार वर्षांची लेना धापा टाकत आली. लेना पुलाकडच्या गटातली. मुठीत काहीतरी घट्ट धरलेलं.

"आत्या! मालियामावशीला बाळ झालं! आत्ताच! उजाडताना! मी बघितलं, ते लाल आहे आणि ओरडतं!"

"नाव काय ठेवलं?"

"अजून नाही ठेवलं. पण आहे ते."

तिनं मूठ उघडली. आत नखाएवढा गुलाबी शिंपला होता, तिनं येता येता वाळूतून शोधलेला. पुलाकडची घरं आल्यावर तिनं तो स्वतःच्या हातानं चटईवर ठेवला. "आणि बाळ," ती म्हणाली, आणि अकराच्या अकरा पोरांनी मान डोलावली. बेटावर एक माणूस वाढलं होतं, आणि त्याची पहिली नोंद या चटईवर झाली होती.

रीत अशी, की जन्माची बातमी वाटप करणाऱ्याला बाळाच्या आजोबांनी स्वतः जाऊन सांगायची. दुसऱ्या कुणी सांगितली तर आजोबांचा मान गेला. मालियाचा बाप आतोनिओ त्या दिवशी उजाडायच्या आधीच होडी घेऊन बाहेरच्या समुद्रात गेला होता. दुपारी होड्या काठोकाठ भरून आल्या. किनाऱ्यावर पाय ठेवता ठेवता कुणीतरी ओरडून त्याला सांगितलं आणि तो गडी ओल्या अंगानं, हातातलं वल्हं तसंच घेऊन दवाखान्याकडे धावत सुटला. फालानिकोकडे जायचं त्याला सुचलंच नाही. कुणाला सुचलं असतं?

इनातीची हाळी फिरली. गाव जमलं. लेपेकाही पोरांना घेऊन नेहमीच्या जागी, माडांच्या सावलीत उभी राहिली. फालानिको तालात होता. एकेक गट पुकारत होता, मासे मोजून टाकत होता, पोरं पळत होती. शेवटी पुलाकडचे राहिले.

"पुलाकडचे! तेवीस!"

चोवीस, लेपेका मनात म्हणाली. आणि गप्प राहिली. वाटपाच्या जागेवर बाईनं वाटप करणाऱ्याला सगळ्यांदेखत अडवायचं? तेही या आठवड्यात? लोक म्हणतील, बालवाडी वाचवायला फालानिकोची अब्रू काढली. आतोनिओ येईल, सांगेल, पुढच्या वेळी होईल नीट. अशी ती स्वतःची समजूत घालत होती, आणि घालता घालता तिला आठवलं की आपल्याही वेळी सगळ्यांनी अशीच समजूत घातली असेल. तिला स्वतःची लाज वाटली. तरी पाय हलेनात.

लेना टोपली घेऊन धावली होती. फालानिकोनं टोपली भरली. वाळू मोकळी झाली. पण लेना टोपली उचलेना.

"उचल की ग. मदतीला बोलावू का कुणाला?"

"आजोबा, कमी आहे."

"काय कमी आहे बाई? तेवीस म्हणजे तेवीस."

"चोवीस."

"आली मोठी!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "कालपरवापर्यंत चपला उलट्या घालत होती!"

लेनानं तिकडे बघितलंही नाही. ती वाळूत बसली आणि नावं घेत हाताची बोटं मिटू लागली. हाताची संपली तेव्हा पायाची धरली. पायाचीही संपली तेव्हा ती उठली, फालानिकोचा हात तिनं आपल्याकडे ओढला आणि त्याची माशांच्या खवल्यांनी माखलेली जाडजूड बोटं एकेक करून धरली. "मोठी आजी. तेआमावशी. मी." तेवीस झाले. मग तिनं चौथं बोट धरलं. "आणि बाळ."

"कुठलं बाळ?"

"मालियामावशीचं. आज सकाळचं."

फालानिकोनं वर बघितलं. गर्दीतल्या बायकांनी मान हलवली. हो, झालंय. सकाळीच.

"अग पण लेना," कुणीतरी तिला समजावत म्हणालं, "त्याला मासा खायला दात तरी आहेत का?"

"दात पेटेलो आजोबांनासुद्धा नाहीत," लेना म्हणाली. "त्यांना देता की."

हसायचं तर सगळ्यांना होतं, पण छाती कुणाची होईना. सगळे पेटेलोंकडे बघत होते. आणि पेटेलो बघत होते फालानिकोकडे, कारण फालानिको मटकन वाळूत बसला होता. बावीस वर्षांत जे झालं नाही ते झालं होतं. एक माणूस गावात होतं आणि त्यानं ते मोजलंच नव्हतं.

एक गडी पुढे आला. "दादा, एवढं काय त्यात? माझ्या टोपलीतला घ्या एक आणि मिटवा."

"नको," फालानिको म्हणाला. "तू दिलास तर तो तुझा मासा झाला. पोराला तुझा मासा नकोय. त्याचा हवाय."

माडाखाली लेपेकानं हे ऐकलं. चोपन्न वर्षं जी गोष्ट तिला शब्दांत सापडली नव्हती ती तो माणूस वाळूत बसून सहज बोलून गेला होता.

पेटेलो काठीवर जोर देऊन उठले.

"परत आणा," ते म्हणाले.

"काय, काका?"

"मासे. सगळे. परत मांडा."

मग पहिली टोपली वाळूत येऊन उपडी झाली. मग दुसरी. मग गाव घरोघर धावलं, आणि जे झालं ते ज्यांनी पाहिलं त्यांच्या अंगावर अजून काटा येतो. चर्चच्या टोकाहून माणसं मासे परत घेऊन येत होती. साफ केलेले, साफ न केलेले, मीठ लावलेले. कुणाचा मासा चुलीवर चढला होता, ती बाई वाफाळतं पातेलंच फडक्यात धरून आली. एकानं शेपटीकडचा तुकडा खाल्ला होता, तो उरलेला मासा मान खाली घालून ठेवून गेला. एका घरचा मांजरानं पळवला होता, तर तिथल्या म्हातारीनं मांजर बगलेत मारून आणलं आणि सगळ्यांसमोर त्याला शिव्या घातल्या. ज्यांना चालवत नव्हतं त्यांनी नातवंडांकडून पाठवले. कुरकुर नाही. कुणी विचारलं नाही की एका तान्ह्यासाठी एवढं कशाला. जेमतेम सहा-सात तासांचं माणूस, नावसुद्धा नाही, दवाखान्यात झोपलेलं, आणि त्याच्यासाठी अख्ख्या गावानं आपल्या ताटातलं काढून आणून पुन्हा वाळूत ठेवलं होतं. लेपेका तोंडावर हात धरून बघत राहिली. आपलं गाव हे असं आहे हे तिला माहीत होतं, असं तिला वाटत होतं. तिला माहीत नव्हतं.

फालानिको उठला. पहिल्यापासून सुरुवात केली. डोक्यामागे वाटा अगदी किंचित कमी झाला असेल, बोटाच्या पेराएवढा.

"पुलाकडचे!" त्याचा आवाज फाटला. "चोवीस!"

लेनानं टोपली उचलली. तिला ती पेलेना, पण तिनं कुणाला हात लावू दिला नाही. बाळाचा मासा तिनं वेगळा काढला आणि तसाच दवाखान्यात नेऊन बाळाच्या उशाशी ठेवला. आतोनिओ म्हणे तो मासा बघून हुंदके देऊन रडला, आणि नर्सबाई म्हणाली, रडा, पण मासा खाली ठेवा.

गर्दी पांगल्यावर फालानिको माडाखाली आला. लेपेकाशेजारी बसला. हातावरचे खवले काढू लागला.

"लेपेका, हे मोजायचं तुला सुचलं कसं?"

मग तिनं सांगितलं. बोट, आजीची टोपली, रिकामी वाळू, कुत्रं. आयुष्यात पहिल्यांदा कुणालातरी.

फालानिकोचे हात थांबले. "म्हणजे माझ्या बाबांच्या हातून?"

"त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, दादा. त्यांचा काय दोष?"

"मी होतो तिथं," तो म्हणाला. "दहा वर्षांचा होतो. आमची टोपली मीच नेली असेल. मला तू आठवतसुद्धा नाहीस." तो उठला आणि निघून गेला.

सोमवारच्या सभेत पेटेलो फार बोलले नाहीत. "होड्या भिजल्या तर वाळतील," ते म्हणाले. "पत्रे पोरांना द्या. आणि बालवाडी आराखड्यात ठेवा, मी आहे तोवर आणि नसेन तेव्हाही." मग लेपेकाकडे वळून म्हणाले, "त्या पोरीला सांग, माझ्या दातांची मोजणी पुन्हा चारचौघांत करायची नाही."

गड्यांच्या टोळीनं दोन दिवसांत छप्पर घातलं. पत्र्यावर चढलेले गडी खाली चटईकडे बघून एकमेकांना सांगत होते, मी तिथं बसायचो, तू तिथं. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना संपता संपता फालानिको दारात उभा. "मोजा," म्हणाला, "मी नुसता ऐकतो." तो भिंतीला टेकून बसला. पोरं चर्चपासून पुलापर्यंत गेली. एका ठिकाणी त्याच्या भुवया वर गेल्या, त्याला ठाऊक नसलेला एक पाहुणा निघाला. त्यानंतर तो रोज येऊ लागला.

पुढचा मोठा थवा पंधरा दिवसांनी लागला. मासे मांडले गेले, नावं पुकारली गेली, पोरं पळाली. "पुलाकडचे! चोवीस!" लेना टोपली घेऊन गेली सुद्धा. आणि वाळूत एक मासा उरला. फालानिकोच्या वाटपात कधी काही उरत नाही. लोक बघायला लागले.

"बालवाडी!" फालानिकोनं पुकारलं. "एक!"

"बालवाडी?" आतोनिओनं विचारलं. "पोरं तर घरोघरी मोजली ना? मग हा एक कोण?"

"जो राहून जाईल तो," फालानिको म्हणाला. "आज बोटीतून उतरलेला, उजाडताना जन्मलेला, ज्याचं मला कुणी सांगितलं नाही तो. गावसभेनं ठरवलंय. दर वाटपात एक वाटा जास्त, तो बालवाडीत जाणार. संध्याकाळपर्यंत राखून ठेवायचा. कुणीच आलं नाही, तर पोरांनी खायचा." त्यानं माडाकडे बघितलं. "पण आजचा ज्याचा आहे तो आलेला आहे. त्याला यायला उशीर नाही झाला, आम्हाला पुकारायला झाला. चोपन्न वर्षं."

लेपेका जागची हलेना.

"आत्या!" लेना तिला ढकलत होती. तिनं आपली टोपली वाळूत उपडी केली होती आणि ती रिकामी टोपली आत्याच्या हातात कोंबली. "आत्या, पळ ना! आपलं नाव आलं!"

लेपेकाचं वय अठ्ठावन्न. गुडघे दुखतात. तिनं टोपली छातीशी धरली आणि ती धावली. सगळ्या गावासमोरून, मोकळ्या वाळूतून, केस सुटलेले, गाल ओले, फालानिकोपर्यंत धावत गेली. त्यानं दोन्ही हातांनी उचलून मासा तिच्या टोपलीत ठेवला.

कुणीही हसलं नाही.